सायकल कोणाच्या मापाची?

सिअ‍ॅटल आणि कॅनडातलं व्हँकुव्हर यांच्या दरम्यान, समुद्राच्या कडेला, बेलिंगहॅम नावाचं गाव आहे. इथल्या एका सायकलच्या दुकानात मी दुरुस्तीचं काम करते. दुकानाच्या पुढच्या भागात नव्या सायकली चकचकीत उभ्या असतात आणि मागे आमची खोली: दोन स्टँड, भिंतीवर पाने, खाली ग्रीसचे डबे, आणि ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत जमिनीवर कायम चिखल. या महिन्यांत इथे पाऊस असतो. आपल्या सह्याद्रीतल्यासारखा कोसळणारा नाही, दिवसभर रेंगाळणारा. तो बेअरिंगमध्ये जातो, केबलच्या नळीत जातो, सीटच्या नळीत साठून खाली उतरतो. डोंगरात चालवायची सायकल कशी आहे ते पुढच्या भागात कळत नाही. एक हिवाळा काढून ती मागे आमच्याकडे आली, की कळतं.

मी मूळची सांगलीची. शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं, इथे आले ती नवऱ्याच्या नोकरीमुळे. कामाचा परवाना हाती येईपर्यंत बसून काय करायचं म्हणून जुन्या सायकली दुरुस्त करून वाटणाऱ्या एका ठिकाणी फुकट राबायला लागले आणि परवाना आल्यावर याच धंद्यात राहिले. आई अजून फोनवर शेजारणींना ‘ती तिकडे मशीन डिझाइनमध्ये आहे’ असं सांगते. सांगू दे.

आमच्या गावाला लागून गॅलब्रेथ नावाचा डोंगर आहे. जमीन खासगी, लाकूडतोडीची. पण २०१८ मध्ये नगरपालिकेने दोन हजारांहून जास्त एकरांवर लोकांना कायमचं फिरता यावं असे हक्क विकत घेतले. झाडं अजूनही तोडली जातात. एखादा उतार अचानक उघडाबोडका होतो, त्यावरची वाट मोडते आणि सायकल चालवणाऱ्यांची स्थानिक संघटना फावडी-कुदळी घेऊन ती पुन्हा बांधते. अशा शेकडो वळणांच्या वाटा आहेत, मुळांच्या, ओल्या काळ्या मातीच्या, लाकडी पुलांच्या. एकीचं नाव ‘अनएम्प्लॉयमेंट लाइन’ आहे, म्हणजे बेकारांची रांग. भर दुपारी कामाच्या वेळी तिथे भेटणारी गर्दी बघता नाव बरोबर वाटतं.

गावाच्या आसपास सायकलच्या कंपन्याही वाढल्या. ट्रान्झिशन ही त्यातली. केव्हिन मेनार्ड आणि काइल यंग या दोघांनी ती २००१ मध्ये सुरू केली आणि ‘चालवणाऱ्यांच्या मालकीची कंपनी’ हे ती अभिमानाने सांगते. कोना या दुसऱ्या कंपनीचं अमेरिकेतलं ठाणं शेजारच्या फर्नडेल गावात होतं. त्यामुळे आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक ‘चालवणाऱ्यांची कंपनी’ हे शब्द तोंडात घोळवतच येतं. मोठ्या कंपनीची नको, चालवणाऱ्यांची द्या. ते ऐकून मला पहिल्यापासून थोडी कुतूहलमिश्रित शंका यायची. मालक सायकल चालवतो म्हणजे नक्की काय होतं? मालक चालवत नसला तर काय बिघडतं? मला स्वतःला सायकल घ्यायची वेळ आली तेव्हा हा प्रश्न सोडवणं भागच होतं, कारण पैसे माझे जाणार होते.

तसं पाहिलं तर हा अख्खा धंदाच चालवणाऱ्यांनी उभा केला. १९७६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळ काही पोरांनी जुन्या, जाड टायरच्या, भंगारातून काढलेल्या सायकलींवर डोंगर उतरायच्या शर्यती सुरू केल्या. त्या उताराचं नाव पडलं ‘रिपॅक’. मागच्या हबमधला ब्रेक उतरताना इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. शर्यतीच्या रस्त्याला दुरुस्तीच्या कामावरून नाव पडलं, याचं मला मिस्त्री म्हणून फार कौतुक आहे. भंगार सायकली मोडायला लागल्या म्हणून त्यांच्यातल्या जो ब्रीझने या कामासाठी मुद्दाम वेगळी फ्रेम जोडली. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये कंपनी काढली. फ्रेम टॉम रिची बनवायचा. त्याच मुलखातल्या चार्ली कनिंगहॅमने अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या सायकली बनवल्या आणि त्याच्याच सायकलवर जॅकी फेलन या बाईने १९८३ ते १९८५ सलग अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. ही सगळी माणसं स्वतःच कारागीर, स्वतःच गिऱ्हाईक.

पुढे जे होतं ते झालं. फिशरची कंपनी १९९३ मध्ये ट्रेककडे गेली. रॉब रॉस्कोप या स्केटबोर्डवाल्याने साथीदारांबरोबर काढलेली सांता क्रूझ २०१५ मध्ये पॉन या डच कंपनीने घेतली. त्यात वाईट काही झालं असं मी म्हणणार नाही. सांता क्रूझच्या फ्रेमची बेअरिंग पहिल्या मालकाला आयुष्यभर फुकट बदलून मिळतात आणि फ्रेमही मिस्त्रीचा विचार करून बनवलेली असते. मोठं घराणं म्हणजे वाईट आणि छोटं म्हणजे साधुसंत, असा हिशेब स्टँडवर टिकत नाही.

कोनाची गोष्ट मात्र आमच्या डोळ्यांसमोर घडली. डॅन गेरहार्ड आणि जेक हाइलब्रॉन यांनी १९८८ मध्ये काढलेली ही कंपनी २०२२ मध्ये केंट आउटडोअर्स या समूहाला विकली गेली. करोनाच्या काळात सायकलींना इतकी मागणी आली होती, की गिऱ्हाईक महिनोन्‌महिने रांगेत थांबायचं. सगळ्या कंपन्यांनी त्या अंदाजाने माल मागवून ठेवला आणि माल आला तेव्हा मागणी ओसरलेली. २०२३ च्या शेवटी कोनाने एका सायकलवर एक सायकल फुकट द्यायला काढली. साबणाच्या वडीवर वडी फुकट असते हे आपल्याला माहीत. हजारो डॉलरच्या सायकलीचं तसं झालेलं बघून आमच्या दुकानात कोणी हसलं नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये नव्या मालकाने कंपनी विकायला काढली आणि मे महिन्यात त्याच दोघा जुन्या मालकांनी ती परत घेतली. मधल्या काळात गिऱ्हाइकं आम्हाला एकच विचारायची: माझ्या फ्रेमचा हँगर पुढच्या वर्षी मिळेल का?

हँगर म्हणजे मागच्या डिरेलरला, गिअर बदलणाऱ्या भागाला, फ्रेमशी जोडणारा अ‍ॅल्युमिनियमचा लहानसा तुकडा. दगडावर आपटलं तर फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून मुद्दाम मऊ ठेवलेला. पूर्वी प्रत्येक कंपनीचा, कधीकधी प्रत्येक मॉडेलचा वेगळा. आमच्याकडे एक अख्खा खण त्यांनी भरलेला होता आणि हवा असलेला नेमका त्यात नसायचा. २०१९ मध्ये गिअर बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने सगळ्यांना चालेल असा एकच हँगर आणला आणि हळूहळू बहुतेकांनी तो घेतला. छोट्या कंपनीची सायकल घेणाऱ्याला यात मोठा दिलासा आहे. कंपनी उद्या बुडाली तरी तो तुकडा कुठल्याही दुकानात मिळतो.

मालक सायकल चालवतो याची खूण मला अशा जागी दिसते, जाहिरातीत दिसत नाही. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस ज्यात फिरतो तो भाग, आट्यांनी फ्रेममध्ये बसवलेला आहे की नुसता दाबून? दाबून बसवलेला कारखान्यात स्वस्त आणि पटकन होतो. पावसाळ्यात दोन महिन्यांनी करकरायला लागतो. ब्रेकची नळी कुठून आत गेली आहे? हल्ली काही कंपन्या सगळ्या नळ्या हँडलखालच्या हेडसेटमधून आत नेतात. दिसायला सुरेख. पण वरचं बेअरिंग, जे इथल्या पावसात सगळ्यात आधी गंजतं, ते बदलायचं तर ब्रेकची नळी सोडवायची, तेल सांडायचं, परत भरायचं, त्यातली हवा काढायची. वीस मिनिटांचं काम अर्ध्या दिवसाचं होतं आणि बिल बघून गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघतं. असली रचना काढणारा माणूस स्वतःची सायकल स्वतः धूत नसावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्या सांध्यांतली बेअरिंग बाजारात मिळणाऱ्या मापाची आहेत का? बोल्ट किती घट्ट आवळायचा तो आकडा त्याच्या डोक्यावर कोरलेला आहे का? सगळ्या सांध्यांचं चित्र आणि प्रत्येक भागाचा क्रमांक दुकानाला मिळतो का? ज्याने पावसात चिखलात बसून आपली सायकल कधी उघडली आहे, तो हे करतो.

दुसरी खूण आकारात दिसते. २०१७ मध्ये ट्रान्झिशनने एक बदल केला. तोवर सायकली लांब होत चालल्या होत्या, पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, अधिकाधिक कलता होत चालला होता. त्यामुळे उतारावर स्थिर, पण वळताना पुढचं चाक दूर कुठेतरी आणि त्यावर वजन येत नाही. त्यांनी चाकाचा आस फोर्कच्या रेषेपासून जितका पुढे असतो ते अंतर कमी केलं: २९ इंची चाकाला प्रचलित ५१ मिलिमीटरऐवजी ४२ च्या आसपास. ऐकायला नगण्य. पण चाक जमिनीला धरून राहायला लागलं, हँडल शांत झालं. फोर्क बनवणाऱ्यांकडून तसे फोर्क मिळवावे लागले. पुढच्या दोन-तीन वर्षांत मोठमोठ्या कंपन्याही कमी अंतराचे फोर्क लावायला लागल्या. हे त्यांना सुचलं, कारण त्यांच्या दारातच ती तीव्र, ओली, मुळांनी भरलेली वळणं आहेत. फ्रेम बनते आशियातल्या कारखान्यात, बहुतेक सगळ्यांचीच. गिअर शिमानो किंवा स्रॅमचे, शॉक फॉक्स किंवा रॉकशॉक्सचे. छोट्या कंपनीचं स्वतःचं असं उरतं ते एवढंच: आकार, शॉकची जुळवणी आणि विकल्यानंतरची वागणूक.

इथपर्यंत सगळं त्या कंपन्यांच्या बाजूचं झालं. आता माझ्या बाजूचं.

माझी उंची ५ फूट २ इंच, वजन ५४ किलो. अशा कंपन्या काढणारे, त्यांत सायकली आखणारे आणि नव्या सायकली डोंगरावर नेऊन तपासणारे बहुतेक पुरुष. सहा फुटांच्या आतबाहेर, ८० किलोच्या पुढचे, वीस वर्षं हेच करत आलेले. त्यांनी स्वतःसाठी जी सायकल बनवली ती उत्तम असेलच. पण कोणासाठी उत्तम? चालवणाऱ्याची कंपनी म्हटलं की मी मनात लगेच विचारते, कोणत्या चालवणाऱ्याची?

हा रुसवा नाही, यंत्राचा प्रश्न आहे. मागचं चाक १३० मिलिमीटर वर उचललं जातं तेव्हा शॉक साधारण ५० मिलिमीटर दबतो. म्हणजे चाकावरचा धक्का अडीचपटीने वाढून शॉकवर येतो. शॉकमध्ये हवा किती भरायची ते वजनावर ठरतं. बसल्यावर शॉक सुमारे तीस टक्के दबला पाहिजे. ८० किलोच्या माणसाला जिथे जास्त दाब लागतो, तिथे मला त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश. दबलेला शॉक परत वर किती जोरात येईल हे आतलं तेल ठरवतं आणि ते बाहेरच्या लहान चकतीने कमी-जास्त करता येतं. काही शॉकच्या चकतीवर एका टोकाला कासव असतं, दुसऱ्या टोकाला ससा. माझी चकती पार सशाच्या टोकाला नेली तरी शॉक कासवासारखाच वर येतो, कारण हवाच कमी आणि आतली तेलाची वाट जड माणसासाठी अरुंद ठेवलेली. परिणाम असा, की एकामागोमाग एक मुळं आली की पहिल्या मुळावर दबलेला शॉक वर यायच्या आत दुसरं मूळ येतं, मग तिसरं. चौथ्या मुळाला सायकल लाकडासारखी ताठ. बाईला वाटतं, आपल्याला चालवता येत नाही. आणि शेजारचा सांगतो, हिंमत कर, ब्रेक सोड.

क्रँकचंही, म्हणजे पेडलच्या दांड्याचंही, तसंच. कंपनीकडून ती बहुतेकदा १७० किंवा १७५ मिलिमीटरची यायची. माझ्या पायाला १६० बरी. लहान क्रँकने पेडल मुळांवर आपटतही नाही. सीट खालीवर करणारा दांडा पूर्ण खाली नेल्यावरही ती पुरेशी खाली जात नसेल, तर उतारावर मागे सरकायला जागा नाही. २९ इंची मागचं चाक उंच माणसाच्या मागे बऱ्याच खाली असतं. मी मागे सरकले की ते चड्डीला घासतं. एकदा घासलं की पुढच्या वेळी शरीर मागे जायचं नाकारतं. या कशाचाही कागदावरच्या आकड्यांत उल्लेख नसतो. तिथे फक्त लिहिलेलं असतं, ‘एस’ मापाची फ्रेम.

बायकांसाठी वेगळ्या सायकली नाहीत असं नाही. जायंटने लिव्ह हे नाव काढलं. सांता क्रूझने १९९० च्या पहिल्या जागतिक स्पर्धेतली विजेती जुली फुर्ताडो हिच्या नावावरून जुलियाना काढली. जुलियानाची फ्रेम सांता क्रूझचीच, पण शॉक हलक्या वजनासाठी जुळवलेला. म्हणजे ज्याची मी छोट्या कंपनीकडून अपेक्षा करत होते, ते आधी मोठ्यांनी केलं. त्यांच्याकडे वेगळे शॉक घाऊक मागवण्याइतका खप असतो. हे मान्य करायला हवं. मागच्या खोलीतल्या माझ्या सहकाऱ्यांना ते मान्य करायला बराच वेळ लागला.

एकदा सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडहून एक नवरा-बायको दुकानात आले. दोघं नाशिकची, संगणकाच्या नोकरीत. मी मागून मराठी ऐकलं आणि हात पुसत पुढे आले. ‘ताई, तुम्ही आपल्याकडच्या? मग खरं सांगा,’ नवरा म्हणाला, ‘मला तर ट्रान्झिशनची मोठी सेन्टिनेल घ्यायचीय. हिलाही तीच घेऊ ना? सगळे म्हणतात, चालवणाऱ्यांची कंपनी आहे.’

‘अरे, मला आधी बसून तर बघू दे,’ बायको म्हणाली.

मी तिला लहान मापाच्या दोन सायकलींवर बसवलं, हवा तिच्या वजनाप्रमाणे सोडली, चकती सशाकडे नेली आणि दुकानामागच्या पायऱ्यांवरून उतरायला सांगितलं. पायऱ्या ही आमची फुकटची प्रयोगशाळा आहे. पहिलीवर ती तिसऱ्या पायरीला उधळली. दुसरीवर, जिची चाकं लहान होती, ती सरळ उतरली आणि वळून म्हणाली, ‘यावर मी पडणार नाही असं वाटतंय.’ नवरा आकडे वाचत होता. ‘पण हिच्या चाकाचा वरखाली प्रवास दहा मिलिमीटरनं कमी आहे.’ ‘तो तू वापर,’ ती म्हणाली. तिने तिथल्या तिथे पैसे दिले नाहीत, आठवडाभर विचार केला, हेही मला आवडलं.

मी स्वतः घेतली तेव्हा हेच केलं, फक्त पायऱ्यांऐवजी गॅलब्रेथवर. भाड्याच्या आणि दुकानातल्या सायकली काढल्या, एकच वाट ठरवली, तीही ओली असताना, आणि प्रत्येक सायकलवर शॉकची हवा मोजून भरली. मित्रांनी सांगितलं म्हणून कुठली घेतली नाही आणि कुठली सोडलीही नाही. मग फोन केले. दुकानाच्या नावाने नाही, साधं गिऱ्हाईक म्हणून. प्रत्येकाला एकच विचारलं: वजन ५४ किलो, तुमच्या शॉकची चकती पूर्ण उघडली तरी हळू पडते, काय करू?

एका छोट्या कंपनीतला माणूस, तोही म्हणे रोज चालवणारा, दिलखुलास हसला आणि म्हणाला, थोडी जास्त वेगाने चालव, मग शॉक जागा होईल. दुसऱ्या एकीकडून तीन आठवड्यांनी उत्तर आलं, त्यात त्यांच्या टोप्यांची जाहिरात होती. मालक सायकल चालवतो म्हणून तो तुमचं ऐकेलच असं नाही. कधीकधी तो स्वतःच्या अंगाचा इतका अनुभवी असतो, की दुसऱ्याचं अंग त्याला अडाणीपणाच वाटतो. ट्रान्झिशनकडे फोन उचलणाऱ्याने आधी विचारलं की मी चालवते कुठे. गॅलब्रेथ म्हटल्यावर कोणती वाट, कोणतं वळण, ओलं की कोरडं, असं पाच मिनिटं बोलणं झालं. मग त्याने सांगितलं, की शॉक उघडून आतल्या पातळ चकत्यांची चळत बदलून घे. कुठल्या प्रकारची सांगायची तेही सांगितलं. ते काम मला येतंच होतं. मला हवा होता तो नकाशा आणि तो देणारा माणूस माझ्याच डोंगरावर दर आठवड्याला असतो, हे त्याच्या प्रश्नांतून कळत होतं.

घेतली ती ट्रान्झिशनची स्काउट, साडेसत्तावीस इंची चाकांची, मागे १४० आणि पुढे १५० मिलिमीटर हालचालीची. लोक तोवर २९ इंची चाकांच्या मागे लागले होते आणि माझ्या हातातली लहान चाकं बघून अनेकांनी ‘जुनं झालं हे’ म्हणून दाखवलं. चाक माझ्या चड्डीला घासत नाही, एवढं कारण मला पुरलं. शॉक मी स्वतः उघडला, आतल्या पातळ चकत्या काढल्या, क्रँक १६० ची लावली. आता बाहेरची चकती सशापासून चार घरं अलीकडे आहे. म्हणजे माझ्याकडे कमी-जास्त करायला जागा आहे, जी जड माणसांना सायकल घेतल्या दिवशीच मिळते.

पैशांबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. थेट घरपोच विकणाऱ्या मोठ्या कंपन्या त्याच भागांची सायकल स्वस्तात देतात, आणि छोट्या कंपनीच्या सायकलीवर तुम्ही तिच्या छोटेपणाचीही किंमत देता. शिवाय ती जगेल का हा प्रश्न राहतोच. डेन्व्हरच्या गुरिल्ला ग्रॅव्हिटीने २०१९ मध्ये कार्बनच्या फ्रेम आशियातून न मागवता स्वतःच्या कारखान्यात बनवायला सुरुवात केली; मिस्त्रींना आवडावी अशी ती सायकल होती. काही वर्षांत त्यांचं सायकली बनवणं थांबलं. आयुष्यभराची हमी असते ती कंपनीच्या आयुष्याची, आपल्या नव्हे. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगते, फ्रेम घेताना त्याच दिवशी सांध्यांच्या बेअरिंगचा एक संच आणि बोल्टचा एक संच घेऊन घरी खणात ठेव. शंभर-दीडशे डॉलर जातील. दुकानाला त्यात फारसा फायदा नाही, मालक माझ्यावर डोळेही वटारतो. पण एका छोट्या कंपनीच्या एका बोल्टसाठी एक चांगला तरुण अख्खा उन्हाळा पायी फिरलेला मी पाहिला आहे.

पुण्याहून माझा भाचा अधूनमधून फोन करतो. शनिवार-रविवारी तो सिंहगडाच्या आजूबाजूच्या टेकड्यांवर असतो. ‘मावशी, तुझ्यासारखीच मागवू का? कस्टम भरून येते म्हणे.’ मी त्याला विचारलं, तुझ्या वाटेवर काय आहे? सुटी खडी, खाली कडक मुरूम, उन्हाळ्यात भुगा, आणि बाभळीचे काटे. लांब चढ, आणि टेकडीपर्यंत पोचायला डांबरी रस्ता. ओल्या मुळांच्या वळणांसाठी आखलेली कलत्या चिमट्याची सायकल तिथे घेऊन तो काय करणार? चढावर तिचं पुढचं चाक भरकटणार, सपाटीवर ती झोपणार आणि शॉकचं सील गेलं तर दुरुस्तीला मुंबई गाठावी लागणार. माझी सायकल बनवणाऱ्यांनी त्याचा डोंगर पाहिलेला नाही. तो ज्यांनी पाहिला आहे, पुण्यातल्याच ज्या दुकानाचा मालक दर रविवारी त्याच खडीवर घसरतो, त्याच्याकडे जा आणि माझे सगळे प्रश्न त्याला विचार, असं मी सांगितलं.

त्याने मागे शॉक नसलेली, पुढे १२० मिलिमीटरचा फोर्क असलेली साधी अ‍ॅल्युमिनियमची सायकल घेतली आणि उरलेल्या पैशांत ट्यूब नसलेले टायर, त्यांत ओतायचं काटेबंद द्रावण आणि दोन जादा हँगर आणले.